दोन वळणांचं अंतर

मास्तरांनी कंपाउंडच्या भिंतीवरून डोकं वर काढलं तेव्हा मी अंगणात दुधाची पिशवी साबणाच्या पाण्यात बुडवत होतो.

“भाऊसाहेब, चांदबिबीचा म्हाल उघडला.”

“कोण म्हणतं?”

“मोबाईलवर आलंय. खालचा आडवा बांबू काढला म्हनं. रविवारी जायचं का?”

“बघू.”

“बघू म्हंजे न्हाई.”

“बघू म्हणजे बघू.”

“तीस वर्सं तिकिटं फाडली मी. बघू म्हननारं पाशिंजर कंदी गाडीत चढत न्हाई,” असं म्हणून त्यांनी डोकं खाली घेतलं.

आमच्या नगर जिल्ह्यात एस्टीच्या कंडक्टरला मास्तर म्हणतात. आमचे हे मास्तर मूळ खर्ड्याचे. नोकरीमुळे नगरला आले आणि निवृत्तीनंतर इथेच राहिले. त्यांचं घर आणि माझं घर यांच्यात एक भिंत आहे, छातीइतकी उंच. त्या भिंतीवरून इतक्या वर्षांत वाट्या, वर्तमानपत्रं, शिडी, एकदा चक्क शिलाई मशीन इकडून तिकडे गेलं आहे. पण त्या हिवाळ्यात भिंतीवरून फक्त बोलणं जात होतं, आणि तेही दोघांनी मास्क लावून.

मी ‘बघू’ म्हणालो त्याला कारण होतं. त्याच्या पुढच्या रविवारी पुण्यात माझ्या नातीचं बारसं होतं.

पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत. आमच्या मुलीला पाचव्या महिन्यात डॉक्टरांनी प्रवास बंद केला आणि रीत उलटी झाली. मुलगी आईकडे यायची ती आईच मुलीकडे गेली. राखीपौर्णिमेनंतर ई-पास काढून, भाड्याच्या गाडीत एकटीच मागच्या सीटवर बसून बायको पुण्याला गेली. जाताना मला कुकरच्या शिट्ट्या सांगून गेली. भाताला किती, डाळीला किती, बटाट्याला किती. मला वाटलं होतं महिना-दीड महिन्याची गोष्ट आहे. मुलीची तब्येत नाजूक राहिली आणि बायको तिकडेच राहिली. दिवाळीला मी फराळाचा डबा घेऊन गेलो होतो. डॉक्टरांनी बाहेरच्या माणसाला मनाई केली होती, म्हणून डबा लिफ्टमध्ये ठेवला, तिसऱ्या मजल्याचं बटण दाबलं आणि चटकन बाहेर आलो. मग खाली पार्किंगमध्ये उभा राहून गॅलरीकडे बघत राहिलो. बायकोने वरून हात केला. मुलगी खुर्चीत होती म्हणून तिचा फक्त माथा दिसला. तसाच परत आलो.

बाळ वेळेआधी आलं. वजन कमी होतं. काही दिवस काचेच्या पेटीत ठेवलं होतं. घरी आणल्यावर विहीणबाईंनी एक नियम घातला, आणि तो मला मनापासून पटला. घरात जो येईल त्याने त्याआधी चौदा दिवस कुणाच्या संपर्कात येता कामा नये. मग तो सख्खा आजोबा असो नाही तर जिल्हाधिकारी. मी सव्वा महिन्याने ठरलेल्या बारशाच्या तारखेवरून मागे मोजलं, रजा टाकली आणि स्वतःला घरात बंद करून घेतलं. किराणा फाटकाशी, दूध फाटकाशी, पैसे मोबाईलवर. मास्तरांनी विचारलं तेव्हा माझे निम्मे दिवससुद्धा झाले नव्हते.

मी दूध संकलन केंद्रात काम करतो. गावागावांतून कॅन येतात, आम्ही प्रत्येक कॅनचा नमुना घेतो, फॅट मोजतो, आणि वास जरा जरी निराळा आला तर थोडं दूध नळीत उकळून बघतो. फाटलं तर कॅन परत. फाटलं नाही पण शंका राहिली, तरीही कॅन बाजूला. शेतकरी भांडतो. “अहो साहेब, कायच झालं न्हाई दुधाला!” असं म्हणून आमच्यासमोर ग्लासभर पिऊन दाखवतो. त्याचं बहुतेक वेळा खरंही असतं. पण एक आंबलेला कॅन टाकीत गेला तर सगळी टाकी जाते, आणि टाकीत गेलेलं दूध पुन्हा वेगळं काढता येत नाही. म्हणून आमच्याकडे शंकेचा फायदा टाकीला देतात, कॅनला नाही. इतकी वर्षं हे केल्यावर माणूस स्वतःकडेही त्याच नजरेने बघू लागतो. त्या रजेत मी एक बाजूला काढून ठेवलेला कॅन होतो.

बाहेर मात्र सगळं उघडत चाललं होतं. देवळं दिवाळीच्या पाडव्यापासून उघडली होती. आमच्या केंद्रातले दोघंतिघं सहकुटुंब भंडारदऱ्याला जाऊन आले. त्यांनी ग्रुपवर फोटो टाकले. सगळे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे आणि मास्क हनुवटीवर. खाली कुणीतरी लिहिलं होतं, ‘घाबरायचं किती?’ प्रश्न बरोबर होता. मलाही तोच पडला होता. फरक एवढाच, की त्यांनी तो लिहून पुढचा फोटो टाकला आणि मी त्याचं उत्तर शोधत बसलो. एखादं ठिकाण उघडलं म्हणजे आजार गेला असा लोकांनी अर्थ घेतला होता. माझ्या मते उघडलं म्हणजे उघडलं, एवढंच. दार सरकार उघडतं. आत जायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं, आणि ते ठरवायला कुणी शिकवलेलं नसतं.

एखाद्या दुसऱ्या माणसाने दुसऱ्या कुठल्या ठिकाणाचं विचारलं असतं तर मी अर्ध्या मिनिटात नाही म्हणालो असतो. पण विचारणारे मास्तर होते आणि ठिकाण महाल होता.

पाथर्डी रस्त्याला शहराबाहेर डोंगरावर ही तीन मजली दगडी इमारत आहे. नगरमध्ये कुठूनही मान वर केली की दिसते. सगळे तिला चांदबिबीचा महाल म्हणतात. वास्तविक चांदबिबीचा तिच्याशी संबंध नाही, ती सलाबतखानाची कबर आहे. मी हे दर वेळी सांगायचो आणि मास्तरांच्या घरच्या, म्हणजे वहिनी, दर वेळी चिडायच्या. “असूं द्या की तुमचा खान. बाईच्या नावानं एवढी एक इमारत हाय गावात, ती बी काढून घ्या!” आम्ही दोन जोडपी दर रविवारी सकाळी तिथे जायचो. पायथ्याशी गाड्या लावायच्या आणि वळणावळणाच्या डांबरी रस्त्याने चालत वर. वहिनींचे गुडघे दुखायचे, तरी त्या सगळ्यांच्या पुढे. वर इमारतीच्या मागच्या बाजूला एक बसकी भिंत आहे, तिच्यावर बसून भाकरी आणि खुडा खायचा. खुडा म्हणजे ठेचाच, वहिनींच्या माहेरचा शब्द. असं किती वर्षं चाललं ते मी सांगू शकेन, पण त्याने काही होणार नाही.

वहिनी सप्टेंबरात गेल्या. दोघांनाही एकाच दिवशी दवाखान्यात नेलं, वेगवेगळ्या वॉर्डांत ठेवलं. मास्तर परत आले, वहिनी आल्या नाहीत. मास्तरांना त्यांचं दर्शन लांबून झालं, आणि मला तेही नाही. दहावा झाला तो चार माणसांत. त्यांची मुलगी मिरजगावला दिलेली आहे. ती म्हणाली, आमच्याकडे चला. मास्तर म्हणाले, “येतो की. आधी जरा घर आवरतो.” तेव्हापासून ते घर आवरत होते. भांड्यांचा आवाज मला भिंतीपलीकडून यायचा. एकट्या माणसाची भांडी फार वाजतात. माझीही वाजत असणार.

त्या चार महिन्यांत मास्तरांनी कुठे जायचं नाव काढलं नव्हतं. हे पहिलंच.

मी बायकोला फोन केला.

“मास्तर महालावर चल म्हणतायत.”

तिच्या मागे बाळ रडत होतं. त्याचं रडणं मला पाठ झालं होतं, चेहरा मात्र फक्त फोनवर पाहिलेला.

“त्यांना नाही कसं म्हणणार?” ती म्हणाली. मग म्हणाली, “आणि हो तरी कसं म्हणणार?”

“मग काय करू?”

“मला काय विचारता? आकडेमोड तुमच्याकडे. मी इथे दिवसभर धुते, वाळवते आणि घड्या घालते. सांगा काय ठरलं ते. पण अहो, बारशाला या. मी फार...” पुढे तिने काही म्हटलं नाही. बाळाला घ्यायला गेली.

आकडेमोड मी केली. मास्तरांना आजार होऊन गेला होता, म्हणजे त्यांच्यापासून भीती कमी, पण नाही असं कुणी लिहून द्यायला तयार नव्हतं. डोंगरावर उघडी हवा, वारा भरपूर, तेही चांगलं. उघडल्यानंतरचा पहिलाच रविवार, म्हणजे गर्दी, ते वाईट. लवकर गेलो तर गर्दी कमी. मास्क लावून लांबून गेलो तर धोका किती? मी जे काही वाचलं होतं त्यावरून फारच थोडा. पण फारच थोडा आणि शून्य यांच्यामध्ये काचेच्या पेटीत राहून आलेलं एक मूल होतं. दुसऱ्या बाजूला भिंतीपलीकडचा माणूस होता. त्याला मोजायचं कशाने, हे मला कळेना.

शेवटी मी भिंतीशी जाऊन सगळं सरळ सांगितलं. बारसं, चौदा दिवस, विहीणबाईंचा नियम. मास्तर ऐकत होते. मला वाटलं ते म्हणतील, राहू द्या मग.

“भाऊसाहेब, गाडी फुल्ल असली आन स्टँडवर मानसं उभी असली तर कंडक्टर काय म्हनतो?”

“काय?”

“मागून रिकामी गाडी येती. तिच्यात या.” ते मास्कच्या आत हसले असावेत, डोळे बारीक झाले. “आयुष्यभर हीच थाप मारली. मागं गाडी नसायची. आता खरंच सोडू. पुढची गाडी मी, मागची तुमी. मधी दोन वळनं. बोलायचं मोबाईलवर.”

“दोन वळणं कशाला? एक पुरे.”

“एका वळनावर तुमी जवळ याल. मी वळखतो तुमाला.”

मी हो म्हणालो. नियमाच्या भाषेत यात संपर्क नव्हता. एकाच डोंगरावर दोन अनोळखी माणसं चढावीत तसे आम्ही चढणार होतो.

रविवारी उजाडायच्या सुमाराला आपापल्या मोटारसायकलींवर निघालो. ते पुढे, मी बराच मागे. थंडी कडाक्याची होती. मास्कमुळे चष्म्यावर वाफ धरत होती आणि मी तो सारखा पुसत होतो. पायथ्याशी पोचलो तर माझा अंदाज चुकला होता. लोक आमच्याही आधी उठले होते. गाड्यांच्या दोन रांगा लागल्या होत्या, एक पिकअप भरून पोरं आली होती, आणि चहाची गाडी सुरू झाली होती. मी तिथूनच परत फिरणार होतो. पण मास्तर वरच्या पहिल्या वळणावर पोचले होते आणि फोन वाजत होता.

“मागची गाडी सुटली का?”

“मास्तर, गर्दी आहे.”

“गर्दी खाली चहाला हाय. वर कोन एवढ्या थंडीत. या हळूहळू. टिंग टिंग.”

त्यांनी तोंडाने डबल बेल दिली. मी कानात वायर घातली आणि रस्त्याची कड धरून चालू लागलो. खालून येणारी माणसं दिसली की मी तोंड डोंगराकडे करून थांबायचो, ती पुढे गेली की निघायचो. एक तरुण बाई नवऱ्याला म्हणाली, “त्या काकांना बरं नाहीय का?” नवरा म्हणाला, “असंल काही तरी नवस. चल.”

मास्तर बोलत होते. प्रत्येक वळणाला त्यांनी एक स्टॉप देऊन टाकला होता. “चला चिचोंडी पाटील... उतरा लवकर... आष्टी वाले कोन हायेत?” त्यांचा जुना मार्ग ते त्या डोंगरावर चढवत होते. एरवी आम्ही चौघं चालायचो तेव्हा ते कधी असं करत नसत. वहिनींनी करू दिलं नसतं. मी वर पाहिलं तर दोन वळणांवर त्यांची करड्या स्वेटरची पाठ दिसायची, मग कठड्याआड जायची, मग पुन्हा दिसायची. कानात मात्र ते अगदी जवळ होते. त्यांचा दमसुद्धा ऐकू येत होता. आजारानंतर त्यांचा श्वास अपुरा पडायचा.

“बसा मास्तर जरा.”

“गाडी येळंवर पोचली पायजे.” थोड्या वेळाने म्हणाले, “तुमच्या वहिनी हितं थांबायच्या. या दगडावर. गुडघं दुखायला लागलं की म्हनायच्या, नगर किती चांगलं दिसतंय बघा. नगर कसलं चांगलं दिसतंय हितून? धूर नुसता.”

“मला नेहमी वाटायचं त्यांना खरंच बघायचं असतं.”

“अवो न्हाई. गुडघं.”

आम्ही दोघंही फोनवर हसलो. मग ते जामखेड म्हणाले, आणि त्यानंतर वळणं संपली. पाठ दिसेनाशी झाली. ते वर पोचले होते.

मी ठरल्याप्रमाणे दोन वळणं खाली थांबलो. वरून पोरांचे आवाज येत होते, कुणीतरी मोबाईलवर गाणं लावलं होतं. कानात मात्र काही नव्हतं. फक्त वारा आणि त्यांचा श्वास.

“पोचलात का?”

मी वायर कानात घट्ट दाबली.

“मास्तर?”

“भाऊसाहेब,” ते म्हणाले, “हितं जागाच न्हाई ओ.”

“म्हणजे?”

“आपल्या भित्तीवर मानसं बसल्यात. भेळ खात्यात.” मग म्हणाले, “खाऊं द्या. त्येंची काय चूक हाय.” फोन चालूच होता. जरा वेळाने मला जे ऐकू आलं ते रडणं आहे हे लगेच कळलं नाही, कारण मी मास्तरांना कधी रडताना ऐकलंच नव्हतं. सप्टेंबरातही नाही.

मी तिथे उभा राहिलो. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, आणि एरवी मला सांगता येतं. वरची गर्दी मला आवाजावरून कळत होती. ती मी मनातल्या मनात मोजली. पिकअपमधली पोरं, दोन-तीन कुटुंबं, भेळ खाणारे. वर गेलो तर त्या सगळ्यांमधून जावं लागणार होतं. शंका म्हणजे काय, तर हीच. बायकोचं अर्धं राहिलेलं वाक्य आठवलं. मग कानात मास्तरांचा श्वास अडकल्यासारखा झाला, आणि मी चालू लागलो. दोन वळणं मी जवळजवळ पळतच चढलो.

ते इमारतीच्या पायरीवर बसले होते. मास्क एका कानाला लोंबत होता. आजूबाजूला पोरं फोटो काढत होती. एकाने तर त्यांना थोडं सरकायला सांगितलं असावं, कारण ते पायरीच्या अगदी टोकाला होते. मी शेजारी बसलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“मागची गाडी येळंआधी आली,” ते म्हणाले, आणि पुन्हा रडू लागले.

मी त्यांचा हात हातात घेतला. त्यांनीही धरला, चांगला घट्ट, आणि डोकं माझ्या खांद्याला टेकवलं. त्यांच्या स्वेटरला नॅप्थलीनच्या गोळ्यांचा वास होता. कित्येक महिन्यांनी कुणीतरी मला शिवत होतं. हे मला तेव्हा जाणवलं आणि लाजही वाटली, की हा माणूस त्याच्या बायकोसाठी रडतोय आणि मला स्वतःचंच बरं वाटतंय. ऊन वर आलं. भिंतीवरची माणसं भेळेचे कागद तिथेच टाकून गेली. आम्ही उठून त्या भिंतीवर बसलो नाही. मास्तरांनी ते कागद गोळा केले, मी पिशवी धरली आणि आम्ही खाली उतरलो. उतरताना शेजारी शेजारी चाललो. आता वळणं सोडण्यात अर्थ नव्हता.

पायथ्याशी मास्तर म्हणाले, “बारशाचं काय आता?”

“बघू.”

“बघू म्हंजे?” त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. “सांगू नका भाऊसाहेब. कुनाला कळतंय? तोंडाला फडकं हुतं तुमच्या. वारा हुता. मला तर हून गेलाय. पोरीच्या पोरीला बघून या. मी काय कुठं बोलतो?”

त्यांचं म्हणणं आकड्यात बसत होतं. घरी येऊन आंघोळ केली, कपडे गरम पाण्यात टाकले, आणि मी पुन्हा एकदा सगळं मांडून पाहिलं. धोका खरोखर फार थोडा होता. मी न सांगता गेलो असतो तर शंभरातल्या नव्याण्णव वेळा काहीही झालं नसतं, कदाचित त्याहून जास्त वेळा. पण हे मी ठरवायचं नव्हतं. ग्लासभर दूध पिऊन दाखवणारा शेतकरीही हेच म्हणत असतो.

संध्याकाळी फोन केला. सगळं सांगितलं. बायकोने मध्ये एकदाही तोडलं नाही.

“मास्तर कसे आहेत?” तिने आधी हे विचारलं.

“जेवले. मी भिंतीवरून आमटी दिली.”

“बरं केलंत.” मग तिने फोन विहीणबाईंकडे दिला. न सांगता दिला असता तर मला बरं वाटलं असतं, पण ती म्हणाली, “थांबा हं, तुम्हीच बोला,” आणि मला कळलं की तिच्याने ते बोलवत नाही.

“दादा,” विहीणबाई म्हणाल्या, “तुम्ही सांगितलं नसतं तर आम्हाला कळलंही नसतं.”

“हो.”

“राग मानू नका. पण पोरगी अजून एवढीशीच आहे. तारीख पुढे न्यावी म्हटलं तर बारशाच्या दुसऱ्याच दिवशी जावईबापूंची... म्हणजे आमच्या मुलाची रजा संपते. परत सगळे कधी जमायचे.”

“तारीख बदलू नका. नियम नियम आहे.”

“तुम्ही पुढच्या महिन्यात निवांत या. हक्काने या.”

“येतो,” मी म्हणालो. फोन परत बायकोकडे गेला का नाही ते कळलं नाही. मग तो बंद झाला.

आजोळकडून बाळंतविडा जातो. झबली, टोपडी, दुपटी, मुलीला साडी, बाळाला चांदीचे वाळे. बायकोने फोनवर सांगायचं आणि मी मागवायचं, असं करून तो मी पेटीत भरून ठेवला होता. पुण्याला कांदा घेऊन जाणाऱ्या एका ओळखीच्या टेम्पोत ती पेटी शनिवारी चढवली. टेम्पोवाला म्हणाला, “तुम्हीच चला की, पुढं जागा हाय.” मी म्हणालो, नको. पेटीला कांद्याचा वास लागू नये म्हणून प्लॅस्टिकचे दोन कागद गुंडाळले होते. तरी लागलाच असेल.

बारसं मी फोनवर पाहिलं. फोन जावयाच्या भावाच्या हातात होता आणि तो मुलगा उत्साहाने इकडून तिकडे जात होता, त्यामुळे मला पंखा, पडदा, फुगे आणि बायकांची पाठ दिसली. पाळणा एकदा दिसला. गोविंद घ्या, गोपाळ घ्या ऐकू आलं. बायको कडेला उभी होती, हिरव्या साडीत. तिने एकदा कॅमेऱ्याकडे पाहिलं, पण मला नाही, फोनला पाहिलं. मग चित्र अडकलं. नंतर मुलीने फोटो पाठवले. भिंतीपलीकडून मास्तरांनी विचारलं, “झालं का?” मी म्हणालो, “झालं.” त्यांनी भिंतीवर साखरेची वाटी ठेवली आणि डोकं खाली घेतलं.

पुढच्या महिन्यात मी जाऊ शकलो नाही. रजा संपली होती. पुन्हा मिळेतो केंद्रातले दोघं आजारी पडले आणि मला त्यांच्या जवळचा म्हणून घरी बसवलं. त्यातून सुटतो तोवर सगळं पुन्हा बंद होऊ लागलं आणि बायको तिकडेच अडकली. डोंगराच्या पायथ्याशी बांबू पुन्हा आडवा झाला. ती लाट कशी होती ते सगळ्यांना माहीत आहे, मी लिहीत नाही. त्या दिवसांत मास्तर मिरजगावला मुलीकडे राहायला गेले. घर आवरून झालं होतं. जाताना म्हणाले, “मागून गाडी येती, भाऊसाहेब,” आणि मी मान हलवली. आता त्यांच्या घरात भाडेकरू आहेत. ते भांडी वाजवत नाहीत, कारण बहुतेक बाहेरच जेवतात.

मला पुष्कळदा विचारावंसं वाटतं, की त्या दिवशी मी वर गेलो नसतो तर. पण विचारायचं कुणाला? बायकोने तो विषय कधी काढला नाही. तिने मला दोषही दिला नाही आणि बरोबर केलंत असंही नंतर म्हणाली नाही.

नातीला मी प्रत्यक्ष पाहिलं तेव्हा ती बसायला लागली होती. लस घेऊन, तपासणी करून, पावसाळ्यात मी पुण्याला गेलो. दार बायकोने उघडलं. ती वाळली होती आणि मीही, आणि आम्ही दोघांनी तेच म्हटलं. नात सतरंजीवर बसली होती. मी हात धुतले, मास्क लावला, तिच्यासमोर उकिडवा बसलो आणि हात पुढे केले. तिने माझ्याकडे पाहिलं, ओठ बाहेर काढला आणि मोठ्याने रडायला लागली.

“अहो, नवा माणूस आहे ना तिला,” बायको म्हणाली. “होईल सवय. थोडे मागे सरका.”

मी उठून दरवाजापर्यंत मागे गेलो. ती गप्प झाली. तिथून मी तिला बराच वेळ पाहत राहिलो, आणि तीही मला पाहत राहिली.